वानराच्या पंज्याशेजारचा हात

मागच्या रविवारी फोनवर थोरलीने माझ्याकडे एक फोटो मागितला. तिच्या वर्गात उत्क्रांतीवर चर्चा व्हायची आहे आणि एक मुलगा ठासून सांगतो की हे सगळं थोतांड आहे. "आजी, तुझ्या शाळेत तो दोन हातांचा कागद आहे ना, वानराचा आणि मुलीचा? त्याचा फोटो पाठव. मी वर्गात दाखवते." धाकट्याने मध्येच तोंड घातलं, "वानराचा हात खरा आहे का तेपण सांग." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तो कागद आता तसा राहिलेला नाही, हे तेव्हा तुम्हाला सांगता आलं नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की राग थोडा आवरतो.

माझं शिक्षण नागपूरला झालं, सगळं इंग्रजीतून. लग्नानंतर इथे आले, कारण तुमच्या आजोबांची शेती इथे होती, मेडशीच्या पुढे, एसटी थांबते तिथून अर्धा तास चालत. गावच्या शाळेला विज्ञान शिकवायला कोणी नव्हतं. मी तीस वर्षं शिकवलं. सुरुवातीला जसं शिकले तसंच शिकवायची. उत्क्रांतीच्या धड्यात देवमाशाच्या परांचं चित्र होतं. मुलं ते पाठ करून काढायची आणि मार्क मिळवायची. देवमासा त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. मीही पाहिला नव्हता.

म्हणून आजूबाजूला मिळेल ते जमवायला लागले. वटवाघळाचा पंख, बकरीचा पुढचा पाय, कोंबडीचा पंख, बैलाच्या पायाची हाडं. उकळून, घासून, वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली. क्रम सगळ्यांत एकच. खांद्याकडे एक लांब हाड, त्यापुढे दोन (बैलात ती एकमेकांना चिकटलेली), मग बारीक हाडांचा पुंजका, मग बोटं किंवा बोटांचे अवशेष. मी मुलांना विचारायची, सुतार खाटेला आणि बैलगाडीच्या चाकाला एकाच मापाचे तुकडे वापरतो का? नाही. मग उडायला, चालायला आणि वखर ओढायला तीच हाडं त्याच क्रमाने कशी? प्रत्येक प्राणी वेगळा घडवला असता तर असं व्हायचं कारण नव्हतं. एका घराण्यातून उतरलेल्यांकडेच असा सारखा वारसा सापडतो. ज्याने त्याने तो आपल्या गरजेप्रमाणे ताणला नाहीतर आखडला.

या रांगेत एक जागा रिकामी होती. आपल्या हाताच्या सगळ्यात जवळचा हात माझ्याकडे नव्हता.

एका पौषात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असताना, विजेच्या डीपीच्या तारेला चिकटून एक मोठं वानर मेलं. इकडे वानर मेलं की माणसासारखं करतात. मारुतीच्या पारावर ठेवून हार घालतात, सजवलेल्या ट्रॉलीतून भजन म्हणत नेतात, देवळामागे पुरतात. दहाव्या दिवशी काही पुरुष मुंडण करतात आणि तेरवीला गाव जेवतं. मी शाळेतलं शिक्क्याचं पॅड आणि चित्रकलेचा मोठा कागद घेऊन पारावर गेले. सोबत दहावीतली एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात हुशार.

पारावरच्या म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "बाई, हे कायले आणलं?"

"हाताचा ठसा घ्यायचा आहे."

"घ्या नं, घ्या," ते हात जोडून म्हणाले. "देवाचा पंजा हाये. घरात राह्यला तं चांगलंच हाये."

त्यांना वाटलं मी देवघरासाठी ठसा घेते आहे. त्यांचं ऐकून आणखी चार जणांनी मागितला आणि मी ओल्या कुंकवात चार ठसे काढून दिले. गावातल्या काही देवघरांत ते अजून आहेत. माझा ठसा कशासाठी आहे, हे मी तिथे सांगितलं नाही. मिरवणूक निघायची घाई होती, असं मी तेव्हा स्वतःला पटवलं.

ठसा फार स्पष्ट आला. लांब बोटं, अंगठा आखूड आणि खाली सरकलेला, तळव्यावर आडव्या रेघा, बोटांच्या टोकांवर आपल्यासारखीच बारीक वळणं. मुलगी कागद ताणून धरून बघत होती. मग मी काही सांगायच्या आत तिने आपला उजवा हात पॅडवर दाबला आणि त्याच कागदावर, वानराच्या पंज्याशेजारी, टेकवला.

"पाहा नं बाई," ती म्हणाली, "रेघा बी हायेत त्याले."

त्या वर्षी सोयाबीन सोंगताना विळा लागून तिच्या तळव्यावर मोठी जखम झाली होती. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या खालपर्यंत. ठशात तिचा व्रण शाई न लागलेल्या पांढऱ्या पट्ट्यासारखा उमटला. त्यामुळे तो हात कोणाचा, याबद्दल गावात कोणालाही शंका येण्यासारखं काही नव्हतं.

दोन आठवड्यांत तिचे वडील घरी आले. त्यांचं डोकं तुळतुळीत होतं. वानरासाठी मुंडण करणाऱ्यांत ते होते. मुलगी दाराशी थांबली.

"बाई, उद्यापासून पोरगी शाळेत येत नाई."

"का भाऊ? दोन महिन्यांवर परीक्षा आहे."

"काहून म्हणजे? देवाच्या पंज्यापाशी पोरीचा हात छापला तुमी. उद्या पाहुणे पाहाले आले तं म्हंतीन, हे तं वानराची बहीण हाये."

मी म्हटलं, "भाऊ, मुंडण आपण कोणासाठी करतो? घरच्या वडीलधाऱ्यासाठी. तुम्ही तर नातं आधीच मान्य केलंय."

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मी देवासाठी केलं, बाई. वानरासाठी नाई." त्यांचं ते उत्तर आजही मला हलकं वाटत नाही.

पण मुलगी शाळेतून जाणार होती. तिच्यासारखी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत दुसरी मिळाली नाही. म्हणून मी असं बोलले: "भाऊ, हे पेपरापुरतं आहे. चार मार्कांचा प्रश्न असतो. लिहायचं आणि विसरायचं. मानायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

त्यांनी थोडा विचार केला. "पेपरापुरतंच नं?"

"पेपरापुरतंच."

"मंग ठीक हाये," म्हणत ते उठले. मुलगी दुसऱ्या दिवसापासून वर्गात होती. माझं ते 'पेपरापुरतं' वाक्य मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या वह्यांत शाळेतल्या इतक्या गोष्टींची नोंद आहे, पण ही नाही.

ती शिकली, बीएड झाली, आसेगावला सासर मिळालं आणि काही वर्षांनी आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायला आली. मी निवृत्त झाले त्या दिवशी पुठ्ठे आणि तो कागद तिच्या हवाली केला. कागद तिने स्वतः काचेत बसवून घेतला. दरवर्षी तो धडा आला की ती मला बोलवायची. "बाई, तुमचा तास हाये." मी जायची. मुलं तिला विचारायची, "मॅडम, हा तुमचाच हात नं?" आणि ती तळवा उघडून फ्रेमला लावून दाखवायची. त्यानंतर कोणाला फार समजावून सांगावं लागत नसे. वर्षातला तो एक तास म्हणजे मी अजून शिक्षिका असल्याचा पुरावा होता. मला दुसरं काही नको होतं.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. ती तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका होती. मला सत्काराला बोलावलं होतं. मंडपात गावातली माणसं, पालक, मुलं, समोर संस्थेचे लोक. वाशीमहून एक पाहुणे आले होते, बोलण्यात पटाईत. मंचामागे प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझे पुठ्ठे आणि मधोमध तो कागद बघून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"माकड आपले आजोबा म्हणे! माझे आजोबा मी पाहिलेत. शेपूट नव्हतं हो त्यांना." मंडप हसला. "आणि माकडाचा माणूस झाला, तर ही देवळावरची माकडं का थांबली? त्यांचा नंबर कधी लागणार? आणि होताना पाहिलं कोणी?"

सत्काराच्या उत्तरासाठी मला पाच मिनिटं होती. मी लिहून आणलेला कागद पर्समध्येच ठेवला.

"पाहुण्यांचे आजोबा माणूसच होते," मी म्हटलं. "वानर आपला आजोबा नाही, फार लांबचा चुलत भाऊ आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे चुलत शेलूबाजारला आहेत. मूळ पुरुष एक, पुढे फाटे दोन. शेलूबाजारचे चुलत कधी बदलून तुम्ही होतील, म्हणून कोणी वाट बघतं का?"

मागून एक जण ओरडला, "चुलत भाऊ म्हंता, तं वावरात हिस्सा मागन काय थो?"

दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, "मागते कुठं? तुरीच्या शेंगा घेऊनच जाते!"

आता मंडप माझ्या बाजूने हसला. मी पुढे म्हटलं, "आणि होताना कोणी पाहिलं? तुम्हीच पाहिलं. बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी मरत होती की नाही?"

"मरे, मरे."

"आणि आता?"

"आता बोंडात बसून मजेत खाऊन राह्यली."

"का?"

"बियाणं बोगस निघालं!"

"बियाणं बोगस नव्हतं. अळी बदलली. बियाण्याच्या थैलीसोबत एक लहान पुडी यायची, आठवते?"

पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी हसले. "थे साध्या सरकीची? थे तं आमी धुऱ्यावर फेकून देत जाओ."

"ती बांधावर फेकायची नव्हती, शेताच्या कडेने पेरायची होती. तिच्यावर साध्या अळ्या जगल्या असत्या. बीटी कपाशीतलं विष पचवणारी एखादी अळी वाचली असती, तरी तिची सोयरीक त्यांच्यात झाली असती आणि तिची बहुतेक पिल्लं बीटीवर मेली असती. आपण पुडी फेकली. मग विष पचवणाऱ्यांची सोयरीक विष पचवणाऱ्यांतच होत गेली. यालाच निवड म्हणतात. तुमच्या वावरात, तुमच्या डोळ्यांदेखत झाली."

"पण बाई," म्हातारे म्हणाले, "अळीची अळीच राह्यली. कोंबडी नाई झाली तिची."

प्रश्न चांगला होता. अशा प्रश्नासाठीच मी आयुष्यभर शिकवलं. मी म्हटलं, "एका पावलात मेडशीहून वाशीमला कोणी पोचत नाही, बुवा. पण पाऊल पडतं एवढं मान्य केलं की उरतो फक्त वेळ. आणि त्या वाटेवरच्या खुणा खडकांत सापडतात. खालच्या थरात साधे, जुने जीव, वरच्या थरात त्यांच्यापासून निघालेले. माणसाचं हाड सगळ्यात तळच्या थरात, पहिल्या माशांच्याही खाली, कधी कोणाला सापडलेलं नाही. एकदा जरी सापडलं, तरी मी माझे पुठ्ठे नदीत सोडून देईन."

म्हातारे मान हलवत म्हणाले, "मंग आमीच त्या अळीले शिकवलं म्हणा." मी खाली बसले. मला वाटलं, झालं.

पाहुणे हसतच उठले आणि भिंतीपाशी गेले. "बाई छान बोलल्या. पण मला एक सांगा मॅडम," ते मुख्याध्यापिकेकडे वळले, "मारुतीरायाच्या पंज्याशेजारी स्वतःचा हात छापायची हिंमत कोणी केली? कोणाचा आहे हा हात?"

ज्यांच्या देवघरांत कुंकवाचा पंजा होता, ती माणसं समोरच होती. संस्थेचे लोकही तिच्याकडे बघत होते. ती माइकपाशी आली. मी आनंदाने सावरून बसले. मला वाटलं, आता ती तळवा उघडून दाखवणार, जसा ती मुलांना दरवर्षी दाखवते.

ती म्हणाली, "जुना कागद आहे, सर. कोणाचा हात आहे, माहीत नाही." आणि पुढे म्हणाली, "आणि हे सगळं पेपरापुरतं असतं. चार मार्कांचं. लिहायचं आणि विसरायचं. मानायलाच पाहिजे असं काही नाही."

टाळ्या पडल्या. तिने माइक उजव्या हातात धरला होता. मूठ घट्ट होती.

मला उठून म्हणता आलं असतं, मूठ उघड. अर्ध्या गावाला माहीत होतं. पण कोणीच बोललं नाही, मीही नाही. शाल आणि नारळ घेऊन मी पायी घरी आले. वाटेत देवळावर वानरं बसली होती आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही. पाहुण्यांचा मला राग नव्हता. ज्याला पटत नाही, त्याच्याशी वाद घालता येतो. जिला पटलेलं आहे, जिने स्वतःच्या हाताने ते आधी ओळखलं आणि मग मला दाखवलं, तिने नाही म्हणावं, याला मी काय उत्तर देणार? माझ्या कोणत्याच पुठ्ठ्यावर त्याचं हाड नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती आली. हातात कागदाची गुंडाळी. मी चहा विचारला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"संस्थेवाले फ्रेम काढा म्हणाले, बाई. म्हणून कागद घेऊन आली. थो तुमच्या घरी राहीन."

मी गुंडाळी उघडली. कागद अर्धाच होता. पट्टी ठेवून, ब्लेडने सरळ रेषेत कापलेला. वानराचा पंजा होता. शेजारचा हात नव्हता.

"दुसरा भाग?"

"माह्यापाशी हाये."

"जाळलास का?"

"नाई, बाई." ती एकदम दुखावली. "जाळीन कायले? कपाटात हाये, साड्यांच्या खाली. थो माहा हात हाये."

"मंडपात तुझा नव्हता."

ती म्हणाली, "अजून मुख्याध्यापिका म्हणून मान्यता आली नाई माही. समोर सगळे बसले होते. घरी दोन पोरी हायेत, सासरा देवघरात थोच पंजा पुजते. अन् बाई, मी काही नवीन बोलली काय? मी दाराशी उभी होती तेव्हा. तुमीच सांगतलं होतं बाबाले. पेपरापुरतं हाये म्हणून."

"ते तुला शाळेत ठेवायला बोलले."

"मी बी शाळेत राहाले बोलली."

दारात जाऊन ती वळली. "धडा शिकवतो मी. तुमी काळजी करू नका. चार मार्काचा हाये." तास असेल तेव्हा बोलवेन, असं मात्र म्हणाली नाही. या वर्षी तो धडा होऊन गेला. मला शेजारच्या मुलीकडून कळलं.

मी तिला माफ केलेलं नाही. तुम्हाला तसं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. तिचं उत्तर बरोबर आहे हे मला कळतं, आणि तरी मला वाटतं की तिने मूठ उघडायला हवी होती. दोन्ही गोष्टी मी रोज एकदा तपासून बघते. दोन्ही टिकून राहतात.

पण तुमच्या फोननंतर तो अर्धा कागद टेबलावर पसरला, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. पारावर त्या दिवशी पॅड माझं होतं, कागद माझा होता, आणि धडाही माझा होता. माझे दोन्ही हात रिकामे होते. मग पंधरा वर्षांच्या मुलीचा हात त्या पंज्याशेजारी का होता? माझ्या हाताला शाई लागली असती तर मिरवणुकीत लोक बघतील, घरी सासूबाई विचारतील, असं मला वाटलं होतं. आता आठवलं. मग पुढची सगळी वर्षं मी तिचा हात दाखवत राहिले आणि माझा पदराखाली ठेवला.

शिक्क्याचं पॅड वाळलं होतं. बाजारातून नवीन शाई आणवली. कापलेल्या कडेला मागून कोरा कागद चिकटवला, कडा नीट जुळवून. उजवा हात पॅडवर दाबला आणि टेकवला. सांधे सुजलेले असल्यामुळे बोटं पूर्ण टेकत नाहीत. मधलं बोट अर्धवट उमटलंय आणि करंगळी वाकडी दिसते. तळव्याच्या रेघा मात्र आल्यात, वानराच्या रेघांशेजारी, त्याच आडव्या दिशेने. नखांच्या कडेची निळी शाई अजून गेलेली नाही. काल किराणा दुकानदाराने विचारलंच, "बाई, हे काय लावून घेतलं?" मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, गिऱ्हाईकं थांबली तरी.

फोटो सोबत पाठवते आहे. मागितला होता तो हा नाही. धाकट्याला सांग, डावीकडचा हात खरा आहे, मी तो माझ्या हातात धरला होता, आणि तो थंड होता. थोरले, तू वर्गात दाखवशील तेव्हा त्या मुलाला बोलू दे. त्याचा प्रश्न पुरा ऐक. मग तो किंवा दुसरं कोणी विचारेल की उजवीकडचा हात कोणाचा. तेव्हा अडखळू नकोस. आमच्या आजीचा आहे, म्हणून सांग.